दीर्घिकांचे तप्त वारे आणि त्यांत तगणारा थंड वायू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात खगोलशास्त्रावर बोलायला उभे राहिले की व्याख्यान तासाभराचे आणि प्रश्न दीड तासाचे, हे ठरलेलेच. दीर्घिकांच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या गॅलेक्सींच्या, वाऱ्यांवर बोलल्यानंतर हातात पडलेल्या चिठ्ठ्या, मागाहून आलेले ईमेल आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दीर्घिकेतून वारा वाहतो म्हणजे नेमके काय वाहते, आणि कशाच्या जोरावर?

वाहतो तो वायू: मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम, सोबत थोडे ऑक्सिजन, कार्बन, लोह वगैरे. जोर येतो अतिनवताऱ्यांच्या स्फोटांतून. सूर्याच्या आठपटींहून जड असलेले तारे जन्मल्यापासून काही कोटी वर्षांच्या आतच फुटतात. सूर्य आपल्या साधारण १,००० कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा उधळेल, जवळपास तेवढी अशा एका स्फोटात वायूला गतीच्या आणि उष्णतेच्या रूपात मिळते.

एकटादुकटा स्फोट आजूबाजूच्या दाट वायूत जिरून जातो. पण लहानशा जागेत हजारो जड तारे एकदम जन्मले, तर पुढचा स्फोट आधीच्याने करून ठेवलेल्या विरळ, तापलेल्या पोकळीत होतो आणि त्याची ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने निसटून जात नाही. आतला दाब वाढत जातो. दीर्घिकेची तबकडी वर आणि खाली सर्वांत पातळ असते, म्हणून वायू तिथून फुटून बाहेर पडतो. १९८५ मध्ये शेव्हालिए आणि क्लेग यांनी याचे साधे गणित मांडले आणि आजही सुरुवात तिथूनच होते. या विषयातली नेहमीची दीर्घिका म्हणजे सप्तर्षी तारकासमूहातली एम ८२. ती सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या गाभ्यातल्या वायूचे तापमान ३ ते ८ कोटी केल्विन आहे. गणिताप्रमाणे हा वायू सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर पडायला हवा.

२. १०,००० अंशांच्या वायूला तुम्ही थंड म्हणता?

हो. शेजारचा वायू कोटी अंशांचा असला की म्हणावेच लागते. या तापमानाच्या आसपास हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत बसू लागतात, प्रकाश टाकून गार होण्याची वायूची क्षमता एकदम घसरते आणि वायू तिथे अडकतो. त्याहून गार, १० ते १०० केल्विनचा, रेणूंच्या रूपातला वायूही वाऱ्यात सापडतो. तो अभिप्रेत असेल तिथे ‘रेणूवायू’ असे स्पष्ट लिहिले आहे.

३. वाऱ्यात थंड वायू आहे हे कळले कसे?

तो दिसला, म्हणून. १९६३ मध्ये लिंड्स आणि सँडेज यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून एम ८२ ची छायाचित्रे फक्त हायड्रोजनच्या लाल रेषेत, ६५६.३ नॅनोमीटरवर, घेतली. तबकडीला काटकोनात, वर आणि खाली, हजारो प्रकाशवर्षे लांबीचे तंतू त्यांत उमटले. दीर्घिकेच्या केंद्रात महास्फोट झाला असावा असा अर्थ त्या वेळी लावला गेला. पुढे क्ष-किरण दुर्बिणींनी त्याच भागात कोट्यवधी अंशांचा वायू दाखवला. लाल तंतूंमधला वायू १०,००० केल्विनचा, वेग सेकंदाला ५०० ते ६०० किलोमीटर.

कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ रेषांतून रेणूवायूही दिसला. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने २०१३ मध्ये एनजीसी २५३ या दीर्घिकेतून वर्षाला निदान ३ सूर्यांइतका रेणूवायू बाहेर पडत असल्याचे दाखवले. तिथे जवळपास तेवढ्याच वायूचे दरवर्षी तारे बनतात. म्हणजे कच्चा माल कारखान्यात जितका लागतो, निदान तितकाच दारातून बाहेर चालला आहे.

दूरच्या दीर्घिकांत तंतू वेगळे दिसत नाहीत. तिथे दीर्घिकेच्या स्वतःच्या प्रकाशात सोडियम किंवा मॅग्नेशियमच्या काळ्या रेषा शोधतात. त्या निळ्या बाजूला सरकलेल्या असल्या, तर शोषण करणारा वायू आपल्या दिशेने, म्हणजे दीर्घिकेतून बाहेर, येत आहे. कोटी अंशांच्या वायूत सोडियमच्या अणूंवर इलेक्ट्रॉन टिकतच नाहीत, त्यामुळे या रेषा थंड वायूचा सरळ पुरावा आहेत.

४. एम ८२ पुण्यातून दिसेल का?

दिसेल, मार्च-एप्रिलच्या रात्री. उत्तरेला ती जास्तीत जास्त ३९ अंश उंचीवर येते. सहा-आठ इंची दुर्बीण आणि अंधारे आकाश हवे. इथे एक गफलत बरेच जण करतात: भोर किंवा पुरंदरकडे जातात. तिथून उत्तरेला पाहायचे म्हणजे पुण्याच्या दिव्यांवरूनच पाहायचे. त्यापेक्षा जुन्नरच्या बाजूला जा, शहर पाठीशी राहील. डोळ्याला राखाडी, सिगारसारखी लांबट रेघ दिसेल आणि शेजारीच गोलसर एम ८१. लाल तंतू मात्र डोळ्याला दिसत नाहीत. त्यासाठी हायड्रोजनच्या रेषेचा फिल्टर आणि कॅमेऱ्याने तासन्‌तास घेतलेले छायाचित्र लागते.

२०१४ मध्ये एम ८२ मध्ये दिसलेला अतिनवतारा हाच वारा चालवतो का, असेही विचारतात. तो पांढऱ्या बटूच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याच्या, स्फोटाचा, वेगळ्या प्रकारचा होता. वारा चालवणारे स्फोट जड ताऱ्यांचे असतात.

५. यात अडचण काय आहे? वारा म्हटल्यावर तो थंड वायूच्या ढगाला ढकलत नेणारच ना?

नेईल, पण त्याआधी फाडून टाकेल. आकडे घालून पाहू.

ढगाची त्रिज्या ३३ प्रकाशवर्षे, तापमान १०,००० केल्विन. वारा १ कोटी केल्विनचा, वेग सेकंदाला १,००० किलोमीटर. दोघांचा दाब सारखा धरला, तर ढग वाऱ्याच्या १,००० पट दाट असणार. ढगाच्या त्रिज्येएवढे अंतर कापायला वाऱ्याला सुमारे १०,००० वर्षे लागतात. वाऱ्याच्या माऱ्याने ढगात शिरणारा धक्का-तरंग घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ३२ पट मंद असतो. त्यामुळे ढग चिरडायला ३ लाख वर्षे पुरतात. तेवढ्याच काळात कडांवर वारा घासून भोवरे तयार होतात आणि लचके तोडू लागतात.

आता ढकलण्याचे गणित. वाऱ्याचा वेग यायचा तर ढगाने साधारण आपल्या वस्तुमानाइतका वारा अंगावर झेलला पाहिजे. वारा १,००० पट विरळ, म्हणून काळही १०,००० वर्षांच्या १,००० पट, म्हणजे १ कोटी वर्षे. फाटायला ३ लाख, वेग घ्यायला १ कोटी! ढग मोठा घेतला तरी सुटका नाही, कारण दोन्ही काळ सारख्याच प्रमाणात वाढतात. वारा आणखी तापलेला घेतला तर दोन काळांमधली दरी उलट रुंदावते.

चिरडण्याचे हे गणित क्लाइन, मॅकी आणि कोलेला यांनी १९९४ मध्ये तपशीलवार केले. त्यानंतरची बरीच वर्षे एकीकडे दुर्बिणीत सेकंदाला ५०० किलोमीटरने पळणारा थंड वायू आणि दुसरीकडे तो असूच शकत नाही म्हणणारे गणित, अशी स्थिती होती.

६. मग ढग टिकतो कसा?

वरच्या हिशेबात एक गोष्ट नाही: वायू प्रकाश टाकून गार होतो. ती धरली की चित्र पालटते.

वाऱ्याने ढगाचे लचके तोडले की थंड आणि तप्त वायू एकमेकांत मिसळतात. मिश्रणाचे तापमान दोन टोकांच्या गुणोत्तर मध्यमानाच्या, म्हणजे गुणाकाराच्या वर्गमुळाच्या, आसपास असते. १०,००० आणि १ कोटी यांच्यासाठी ते सुमारे ३ लाख केल्विन येते. असा मिश्रणाचा थर असतो ही कल्पना बेगेलमन आणि फेबियन यांनी १९९० मध्ये मांडली होती. २०१८ मध्ये ग्रोन्के आणि ओ यांनी ती वाऱ्यातल्या ढगाला लावून नेमका प्रश्न विचारला: ढग फाटायला लागणाऱ्या काळापेक्षा हे मिश्रण लवकर गार झाले तर?

तर मिश्रण पुन्हा १०,००० केल्विनवर येते आणि ढगाच्या मागे लांबलेल्या शेपटीत जमा होते. त्या मिश्रणात ढगाचा तुटलेला वायू असतो, तसाच वाऱ्याचाही असतो. म्हणजे तुटलेले परत आलेच, वर वाऱ्याचा काही भाग थंड होऊन ढगाचा झाला. तो भाग आपला वेग आणि संवेग घेऊनच येतो. ढगाचा वेग वाढतो तो बाहेरून बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा वारा पोटात घेतल्यामुळे. वेगातला फरक कमी झाला की घासणे कमी होते आणि फाटणे थांबते. संगणकावरच्या अशा प्रयोगांत ढगाचे वस्तुमान शेवटी सुरुवातीच्या काही पट झालेले दिसते.

मला या साऱ्यात सर्वांत आवडते ते हे, की ढगाचा घात करणारे मिसळणेच त्याला वाचवते. फक्त गार होण्याची शर्यत जिंकली पाहिजे. ती कोण जिंकतो ते प्रश्न ९ मध्ये.

७. मिश्रणच इतक्या झटपट गार का होते? तप्त वारा स्वतः का होत नाही?

दोन कारणे. पहिले, गार होण्याचा वेग घनतेच्या वर्गावर अवलंबून असतो, कारण प्रकाश पडतो तो कणांच्या टकरींतून. दाब सारखा असेल तर ३ लाख अंशांचे मिश्रण १ कोटी अंशांच्या वाऱ्याच्या तीसेक पट दाट असते. दुसरे, १ ते ३ लाख केल्विनच्या टप्प्यात ऑक्सिजन आणि कार्बनच्या अणूंवर अजून काही इलेक्ट्रॉन शिल्लक असतात. टकरींनी ते उचकतात आणि अतिनील किरण टाकत खाली येतात. कोटी अंशांवर या अणूंचे इलेक्ट्रॉन जवळपास सगळे निघून गेलेले असतात, म्हणून ही वाट बंद होते.

पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या अतिनील रेषा नेमक्या ३ लाख केल्विनच्या सुमारास उठून दिसतात. दीर्घिकांभोवती त्या सापडतात. म्हणजे मधल्या तापमानाचा वायू नुसता कागदावरचा नाही.

८. वाऱ्याचा वायू ढगात येत राहिला, तर शेवटी उरतो तो मूळचाच ढग म्हणायचा का?

हा प्रश्न एका चिठ्ठीवर आला आणि मग दर वेळी येऊ लागला. उत्तर: ढग टिकतो, ढगातला वायू टिकतोच असे नाही.

पावसाळ्यात सिंहगडाच्या माथ्यावर तासन्‌तास ठाण मांडून बसलेला ढग खडकवासल्याहून पाहा. ढग जागचा हलत नाही, वारा मात्र चालू असतो. डोंगर चढणारी हवा वर गार होते, तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात, पलीकडे उतरताना ते विरतात. थेंब सतत बदलतात, ढग तोच. दीर्घिकेच्या वाऱ्यातला ढगही असाच सतत नव्याने घडत असतो. फरक असा, की सिंहगडावर आलेले तेवढेच जाते, इथे शर्यत जिंकलेल्या ढगात येणारे जाणाऱ्यापेक्षा जास्त असते.

याचा एक परिणाम निरीक्षणात तपासता येतो. वारा ताज्या अतिनवताऱ्यांतून निघालेला असल्याने त्यात ऑक्सिजन, लोह यांचे प्रमाण अधिक असते. वाढत्या ढगात हे प्रमाण तबकडीतल्या साध्या वायूपेक्षा चढते असायला हवे.

९. किती मोठा ढग तगतो?

फाटण्याचा काळ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, मिश्रण गार होण्याचा काळ त्रिज्येवर अवलंबून नाही. म्हणून एक उंबरठा येतो: त्याहून मोठे ढग वाचतात, लहान विरतात. १० लाख केल्विनचा, ध्वनीच्या वेगाच्या आसपास वाहणारा वारा आणि दीर्घिकेच्या प्रभामंडलासारखा, म्हणजे तिच्याभोवतीच्या विरळ वायूच्या वेष्टणासारखा, कमी दाब धरला, तर ग्रोन्के आणि ओ यांच्या सूत्राने उंबरठ्याची त्रिज्या ६-७ प्रकाशवर्षे येते. दाब दहापट केला की उंबरठा एक दशांश होतो, कारण दाट वायू लवकर गार होतो. तापमानांचे गुणोत्तर किंवा वाऱ्याचा वेग वाढवला की तो वर सरकतो.

मिश्रणाऐवजी तप्त वाऱ्याच्याच गार होण्याचा काळ घ्यावा, असे म्हणणारा दुसरा निकषही २०२० मध्ये मांडला गेला. त्याने उंबरठा बराच वर जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गटाने २०२१ मध्ये दोन्ही निकष संगणकावर पडताळले. माझा कल मिश्रणाच्या निकषाकडे आहे. शेपूट लांबत जाते तसा ढग दूरवर वाढतो. प्रयोगाची चौकट आखूड ठेवली की ती शेपूटच हिशेबाबाहेर पडते.

१०. चुंबकीय क्षेत्र ढगाचे रक्षण करत नाही का?

काही प्रमाणात करते. ढग पुढे सरकताना बलरेषा त्याच्या तोंडावर गुंडाळल्या जातात, भोवरे दबतात आणि ढग तंतूंच्या आकारात ताणला जातो. एम ८२ मधले तंतू पाहिले की हे पटते. पण मुख्य काम गार होण्याचे आहे, चुंबकीय क्षेत्राचे नव्हे, असे मला वाटते.

११. तप्त वायूला लागून असलेला ढग उकळून जात नाही?

लहान ढग जातो. तप्त वायूतले वेगवान इलेक्ट्रॉन उष्णता आत नेतात आणि पृष्ठभागाची वाफ होते. याचे गणित काउई आणि मॅकी यांनी १९७७ मध्ये केले. मोठ्या ढगात ही उष्णता बाहेरच्या थरातच प्रकाश होऊन निघून जाते. बलरेषा आडव्या असल्या तर आत शिरणारी उष्णताही खूप घटते, कारण इलेक्ट्रॉन बलरेषांना धरून धावतात.

१२. थंड वायू तबकडीतून नेलाच नसेल, वाटेतच तयार झाला असेल तर?

शक्य आहे. वारा पसरतो तसा गार होतो, आणि त्यात पुरेसा वायू भरलेला असेल तर काही अंतरावर एकदम प्रकाश टाकून १०,००० केल्विनवर कोसळतो. असा वायू जन्मापासूनच वेगात असतो, म्हणून प्रश्न ५ मधली अडचण त्याला येतच नाही. गंमत अशी, की वाऱ्यात वायू भरायचा कुठून, याचे एक उत्तर फाटलेले ढग हे आहे. आधीच्या ढगांचा चुरा वाऱ्याला जड करतो आणि पुढे त्यातूनच नवे ढग साकळतात. पण हा वायू तापून निघालेला असल्याने त्यात धूळ जवळपास नसणार. धुळीचा मुद्दा प्रश्न १४ मध्ये.

१३. हे सगळे संगणकावरचे. त्यावर विश्वास ठेवायचा का?

बेताने ठेवावा. एकट्या ढगाच्या प्रयोगांत ढगाची त्रिज्या आठेक घरांत, म्हणजे संगणकाच्या हिशेबातल्या लहान खणांत, विभागली तरी वाढीचा वेग जवळपास स्थिर येतो, कारण तो मोठ्या भोवऱ्यांवर ठरतो. आतली बारीक रचना मात्र घरे वाढवली की बदलत राहते. संपूर्ण दीर्घिका घेतली की पंचाईत सुरू होते. श्नायडर आणि रॉबर्टसन यांनी २०१८ मध्ये एम ८२ सारखी दीर्घिका १,७०० कोटींहून अधिक घरांत बसवली, तरी प्रत्येक घर सुमारे १६ प्रकाशवर्षांचे होते. संपूर्ण विश्वाच्या प्रतिकृतींत दीर्घिकांबाहेरची घरे त्याहून कितीतरी मोठी असतात. त्यांत ३३ प्रकाशवर्षांचा ढग दिसणारच नाही. अशा प्रतिकृतीत थंड वायू कमी पडला, तर दोष निसर्गाला देऊ नये.

१४. धूळ आणि रेणू तर आणखी नाजूक. ते कसे वाचतात?

दाट ढगाच्या आत दडून. १० लाख अंशांच्या वर तप्त कण धूलिकणांवर आदळून त्यांचे अणू उडवतात, आणि कार्बनचे मोठे रेणू तर त्याहून लवकर मोडतात. तरीही जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम ८२ च्या चित्रांत याच कार्बनी रेणूंचे तंतू वाऱ्याच्या दिशेने दूरवर गेलेले दिसतात. म्हणजे निदान त्या तंतूंचा काही भाग कधीच तापलेला नाही. सगळा थंड वायू वाटेत बनतो असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर द्यावे लागते.

१५. आपल्या आकाशगंगेतही असा वारा आहे का?

आहे. २०१० मध्ये फर्मी दुर्बिणीच्या निरीक्षणांत केंद्राच्या वर आणि खाली सुमारे २५,००० प्रकाशवर्षांचे गॅमा-किरणांचे दोन फुगे सापडले. त्यांच्या मुळाशी, केंद्रापासून दूर जाणारे अणुरूप हायड्रोजनचे शंभराहून अधिक लहान ढग रेडिओ दुर्बिणींनी टिपले आहेत. २०२० मध्ये त्यांतल्या दोन ढगांत रेणूवायूही सापडला. आजची तारकानिर्मिती इतका रेणूवायू उचलायला पुरेशी वाटत नाही. वारा पूर्वीच्या एखाद्या जोराच्या उद्रेकाचा असू शकतो.

१६. बाहेर पडलेला थंड वायू परत येतो का?

बराचसा येतो. सूर्याच्या आसपासून आकाशगंगा सोडून जायला सेकंदाला साधारण ५५० किलोमीटर वेग लागतो. त्याहून कमी वेगाचा वायू वर जाऊन खाली पडतो. स्मिथचा ढग हा हायड्रोजनचा मोठा ढग असाच तबकडीकडे येत आहे आणि सुमारे २.७ कोटी वर्षांनी आदळेल. २०१६ मध्ये हबलने त्यातले गंधक मोजले. ते सूर्यातल्या प्रमाणाच्या जवळपास निम्मे निघाले. इतके गंधक कोऱ्या वायूत नसते, म्हणून तो एके काळी आकाशगंगेतूनच बाहेर गेलेला असावा.

१७. पुण्यात यावर काही काम चालते का?

वाऱ्यांशी लागून असलेल्या प्रश्नांवर चालते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी २०२० मध्ये खोडदच्या जीएमआरटीने, म्हणजे ४५ मीटरच्या ३० तबकड्यांनी, ७,६५३ दूरच्या दीर्घिकांचा हायड्रोजन संकेत एकत्र करून मोजला. ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकांतला वायू तारे बनवण्यात १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. मग वायू येतो किती, वारा नेतो किती आणि परत किती पडतो, हा हिशेब कळीचा ठरतो. आयुका या पुण्यातल्याच खगोलशास्त्र संस्थेतील आर. श्रीआनंद आणि सहकारी क्वेसारच्या, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांच्या, प्रकाशातल्या शोषणरेषांतून दीर्घिकांभोवतीचा वायू अभ्यासतात.

१८. कृष्णविवरामुळे सुटणाऱ्या वाऱ्यातही हेच गणित लागू पडते का?

तत्त्व तेच, ढगाची बाजू मात्र अधिक पडकी. वारा जास्त तप्त आणि वेगवान, म्हणून प्रश्न ९ मधला उंबरठा वर चढतो. तरीही मार्केरियन २३१ या दीर्घिकेतून वर्षाला शेकडो सूर्यांइतका रेणूवायू बाहेर पडत असल्याचे २०१० मध्ये दिसले. तिथे गाभ्याजवळचा दाबही मोठा असतो आणि तो उंबरठा खाली ओढतो. शिवाय धुळीवर पडणाऱ्या प्रकाशाचा रेटा वेगळा मिळतो. तो इथल्या हिशेबात धरलेला नाही.

१९. एकदा तगलेला ढग मग वाढतच राहतो का?

नाही. मोकळा पसरणारा वारा दुप्पट अंतरावर गेला की त्याची घनता एक चतुर्थांश होते. प्रसरणाने तापमानही उतरते, त्यामुळे दाब सुमारे दहापट घटतो. ढग फुगतो, पण जेमतेम दुप्पट. उंबरठा मात्र वाऱ्याचे उतरलेले तापमान जमेस धरूनही चौपट होतो. ज्या ढगाने तोवर वाऱ्याचा वेग गाठला आहे, त्याला फाटण्याची भीती उरलेली नसते. त्याची वाढ फक्त मंदावते. जो अजून मागे रेंगाळतो आहे, तो गाभ्याजवळ सुरक्षित असूनही बाहेर गेल्यावर विरू शकतो. म्हणून ढग किती मोठा आहे याइतकेच तो वाऱ्यात कुठे सापडला हेही महत्त्वाचे आहे, आणि एम ८२ च्या मुळाशी काढलेला आकडा तिच्या प्रभामंडलाला जसाच्या तसा लावता येत नाही.